बीपीचा माणूस

दाजीनं पहिला टोला हाणला तेव्हा खळ्यावरच्या बायकांना वाटलं, कुणीतरी भाताचा भारा आपटला. दुसऱ्या टोल्याला हृतिक किंचाळला, तेव्हा कुठं सगळ्यांच्या माना वळल्या.

भांडण म्हणाल तर चिमूटभर. सुकापूरच्या पुढं, जिथं टॉवर संपतात आणि चार-दोन शेतं अजून जीव धरून आहेत, तिथलं हे गाव. शेती उरली थोडी आणि खळंही सगळ्यांत मिळून एकच. त्या दिवशी माथेरानच्या डोंगरावर आभाळ काळं झालं होतं, कापलेलं भात उघड्यावर पडलं होतं आणि जो तो आपले भारे आधी खळ्यावर आणायला धावत होता. हृतिकनं मळणीचं मशीन भाड्यानं आणून खळ्याच्या मधोमध लावलं. दाजी त्याचा सख्खा काका, हृतिकच्या मेलेल्या बापाचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, मशीन बाजूला घे, माझे भारे यायचे आहेत. पोरगा म्हणाला, "काका, दोन तास थांबा ना, मंग तुमचा बी काढून देतो." यात शिवी नाही की उर्मटपणा नाही. पण दाजीच्या हातात भारे वाहायचा बांबू होता, आणि दाजीच्या हातात काही असलं की ते वापरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

तिसऱ्या टोल्याला हृतिकचं कोपर मोडलं. त्याचा आवाज मशीनच्या घरघरीतही ऐकू आला. पोरगा भातावर पडला, आणि दाजीनं पुन्हा बांबू उचलला तेव्हा त्याची बायको गोदू मधे घुसली. तो टोला तिच्या खांद्यावर बसला. ती पडली नाही. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, कुठला टोला कसा घ्यायचा हे तिला ठाऊक झालं होतं. तिनं दोन्ही हातांनी बांबू धरून ठेवला आणि नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता म्हणाली, "अवो बस. बस झाला आता. मरंल तो."

दाजीनं बांबू सोडला. मग तो एका भाऱ्यावर बसला, पाय लांब केले आणि धापा टाकत म्हणाला, "गोदे, चढला माजा. दाब."

आणि गोदू खाली बसली. ज्या खांद्यावर आत्ता बांबू बसला होता त्याच हातानं तिनं त्याचा चिखलाचा पाय मांडीवर घेतला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली जागा शोधली आणि दाबायला लागली.

आता यात संताप कशाचा करायचा ते तुम्ही ठरवा. मोडक्या हाताचं पोरगं भातावर कण्हत पडलंय, आणि माणसं पाणी घेऊन धावली ती दाजीकडं. कुणी टोपीनं त्याला वारा घालतंय, कुणी म्हणतंय, "दाजीभाऊ, श्वास घ्या, शांत व्हा." एक म्हातारी तर हृतिकलाच म्हणाली, "मेल्या, तुला ठावं हाय ना काका बीपीचा माणूस हाय? मंग कशाला उलटा बोललास?" हृतिकला रिक्षात घालून पनवेलला न्यायला शेवटी मशीनवाला पुढं झाला, जो गावचा नव्हता.

बीपीचा माणूस. ही पदवी दाजीला तीन वर्षांपूर्वी मिळाली. शाळेत तपासणीचं शिबिर होतं. सगळ्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते. दाजीचा आकडा बघून डॉक्टरनं भुवया वर केल्या, दुसऱ्यांदा मोजलं, गोळी लिहून दिली आणि म्हणाला, मीठ कमी करा, दारू सोडा, रोज गोळी घ्या. दाजी मारकुटा त्याच्या आधीही होता, अगदी मिसरूड फुटल्यापासून. पण तोवर गाव त्याला मारकुटा म्हणत होतं. शिबिराच्या दुसऱ्या दिवसापासून तो आजारी झाला. आता हाणामारी झाली की लोक म्हणायचे, त्याचा दोष नाही हो, रक्त डोक्यात जातं बिचाऱ्याच्या.

एकदा एका हळदीच्या मांडवात त्यानं डीजेवाल्याचं डोकं फोडलं, तेव्हा गावकी बसली. गावकी म्हणजे देवळात बसणारी गावची बैठक. चौकीवर जाण्याआधी इथले लोक देवळात जातात. गावकीचा म्होरक्या दादू, सत्तरीचा, मनानं वाईट नव्हता. पण त्याच्या थोरल्या भावाला बीपीनंच लकवा मारला होता आणि ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं बीपी म्हटलं की तो धास्तावे. त्यानं ठराव केला, "बीपीच्या मानसाला कुनी डिवचायचा नाय. डिवचला आनि मार खाल्ला, तर दोष डिवचनाऱ्याचा. माफी त्यानंच मागायची." डीजेवाल्यानं डोक्याला फडकं बांधून माफी मागितली. तेव्हापासून हा गावाचा कायदा झाला, आणि दाजीला गुरं हाकायचा परवाना मिळावा तशी माणसं हाणायची मोकळीक मिळाली.

दाबायचं काम गोदूकडं आलं ते सून मोनालीमुळं. मोनाली बारावी झालेली, पनवेलची. तिच्या माहेरच्या ओळखीतली झुबेदा सुकापूरला दोन खोल्यांत अॅक्युप्रेशर शिकवायची आणि करायची. नवरा मुनाफ आखातात होता तेव्हा तिनं कोर्स केला, तो परत आला तरी तिनं काम सोडलं नाही. दाजी परक्या बाईकडून पाय दाबून घेणार नाही म्हणाला, म्हणून गोदूच शिकायला गेली.

झुबेदानं पहिल्याच दिवशी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "गोदूताई, ही तीन ठिकाणं. पावलावर ही, मनगटाच्या आत ही, हातावर अंगठ्याच्या खोबणीत ही. सावकाश दाबायचं. जीव शांत होतो, झोप चांगली लागते, बीपीला थोडी मदत होते. पण ही मदत आहे, इलाज गोळीचाच. गोळी बंद करून दाबत बसाल तर माणूस हातचा जाईल. अल्ला कसम, हे लक्षात ठेवा."

गोदूनं लक्षात ठेवलं. रोज सकाळी चहाबरोबर गोळी ती स्वतः नवऱ्याच्या तळहातावर ठेवायची आणि घोट घेईपर्यंत समोर उभी राहायची. झुबेदाच्या सांगण्यावरून घरात मोजायचं मशीनही आलं. मोनाली रोज सासऱ्याचा दंड बांधून मोजायची. सावकाश दाबायचं मात्र दाजीला पटलं नाही. त्यानं आयुष्यभर बैल हाकले होते, आणि बैल जोरात टोचला की जोरात पळतो एवढंच त्याला माहीत होतं. "जोर नाय का हातात? दाब! भाकऱ्या खातेस ना माज्या?" असं म्हणत तो दुसऱ्या पायानं तिला ढोसायचा. गोदूचे अंगठे सुजायचे. सुजल्या अंगठ्यांनी ती भाकऱ्या थापायची.

तर, हृतिकचा हात मोडला त्याच दुपारची गोष्ट. पाऊस आलाच. निम्मं भात भिजलं, भिजलेले भारे ओटीवर आणून रचता रचता सगळ्यांचे जीव मेटाकुटीला आले. गोदूचा मुलगा भावेश जेवायला बसला. तो पनवेलला एका शोरूममध्ये गाड्या दाखवायचा, कापणीसाठी सुट्टी टाकून आला होता. मोनालीनं वाढलेली आमटी निवली होती. चूल ओली, सिलिंडर संपलेला, ती बिचारी काय करणार? भावेशनं वाटी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. मग उठून कानशिलात दिली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं आणि कानाच्या पाळीतून रक्ताची धार मानेवर आली.

"भावेश!" गोदू ओरडली.

भावेश हात झटकत म्हणाला, "मग काय करू? चढतंय माजा बी. बापाचा रगत हाय, बीपी मना बी असनारच. तुमी बायका डिवचताव कशाला?"

आत खाटेवर पडलेला दाजी हसला. म्हणाला, "पोरगा माज्यावर गेलाय."

गोदू सुनेला मागच्या पडवीत घेऊन गेली. हळद लावली, रक्त पुसलं. मोनाली रडली नाही. पागोळ्यांकडं बघत तिनं अगदी शहाण्या मुलीसारखं विचारलं, "आई, मला पण दाबायला शिकवाल का?"

गोदूच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिनं आजवर स्वतःसाठी कधी रडून घेतलं नव्हतं, सवड नव्हती म्हणा किंवा सवय नव्हती म्हणा. पण त्या एका वाक्यानं तिला पुढची तीस वर्षं समोर दिसली. हीच पडवी, हाच मार, आणि मांडीवर नवऱ्याचा पाय घेऊन बसलेली ही पोर. ती म्हणाली, "नाय. तू नाय शिकायचा. मी मेले तरी नाय."

दुसऱ्या दिवशी मोनालीचा कान दाखवायचं निमित्त करून दोघी सुकापूरला गेल्या. डॉक्टरकडून येताना झुबेदाकडं शिरल्या. झुबेदानं मोनालीचा कान पाहिला, गोदूचा खांदा पाहिला, काही न विचारता चहा टाकला आणि मग विचारलंच, "कुणी?"

गोदूनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमी शिकवला तसा मी दाबते हो. रोज दाबते. माजा दाबायचा चुकतंय का काय? तेचा राग काय उतरत नाय."

झुबेदा सुनेकडं वळली. "मोनाली, काल सकाळी सासऱ्यांचं किती होतं? खळ्यावर जायच्या आधी?"

"एकशे अठ्ठावीस आणि ब्याऐंशी. गेले सहा महिने तसंच असतं. डॉक्टरपण म्हणाले, छान ताब्यात आहे."

झुबेदानं कप खाली ठेवला. "गोदूताई, माझ्याकडं बीपीवाले किती येतात माहितीये? वकील येतात, मास्तर येतात, मच्छी विकणाऱ्या बाया येतात. काहींचं तर एवढं असतं की मी हात न लावता डॉक्टरकडं पाठवते. त्यातल्या एकानंही मला कधी मारलं नाही. बीपी माणसाचा हात उचलत नाही हो. हात माणूस उचलतो."

"पन सगला गाव बोलतंय..."

"गावाला बोलू दे. राग आला की कुणाचंही थोडं वाढतं, तुमचं, माझं. म्हणून काय आपण लोकांची हाडं मोडतो? आणि बीपी हा आवाज करणारा आजार नाही. कळतसुद्धा नाही आहे म्हणून. बसा इथं, तुमचंच बघते. कधी मोजलंय?"

कधीच नव्हतं. शिबिराच्या दिवशी गोदू मागं भात रांधत होती. झुबेदानं तिला पाच मिनिटं गप्प बसवलं, पट्टा बांधला, बटण दाबलं. तिनं आकडा बघितला. दुसऱ्या दंडाला बांधून पुन्हा मोजलं. मग तिचा आवाज बदलला.

"एकशे शहाण्णव. खालचं एकशे बारा. डोकं दुखतं?"

"कवा कवा. दुखनारच ना, काम काय कमी हाय?"

"उठा. आधी डॉक्टर. दाबणं-बिबणं नंतर."

"अवो पन मना काय बी होत नाय!"

"तेच तर सांगतेय मी!" झुबेदा जवळजवळ ओरडलीच. मग तिनं स्वतःच्या ओढणीनं गोदूचं कपाळ पुसलं आणि तिला हाताला धरून गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं.

गोळ्या सुरू झाल्या. झुबेदानं तिच्या मनगटावरची जागा स्वतः दाबून दिली, सावकाश, श्वास सांभाळत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी गोदूला दाबत होतं. ती तिथंच गाढ झोपली. परतीच्या रिक्षात मोनालीला म्हणाली, "घरी कुनाला सांगू नको." मोनालीनं विचारलं, का? गोदू म्हणाली, "बगू."

रविवारी सकाळी देवळात गावकी बसली. पुरुष मंडपात, बायका खांबांच्या मागं. हृतिक गळ्यात प्लॅस्टरचा हात अडकवून समोर उभा होता, चेहरा अजून सुजलेला. दाजी एका खांबाला टेकून पाहुण्यासारखा निवांत बसला होता. त्याच्यासाठी चहा आला होता.

दादूनं दोन्हीकडचं ऐकलं. ऐकलं म्हणजे हृतिकला दोन वाक्यांत थांबवलं आणि मान हलवत दाजीचं ऐकत राहिला. मग म्हणाला, "हृतिक, पोरा, तुजा हात मोडला ह्याचा वाईट वाटतंय. पन रूल म्हंजे रूल. काका बीपीचा मानूस. काय झाला असता तर? उद्या लकवा मारला असता तर तू भरून देनार व्हतास का? माफी माग. पाया पड आनि मोकला हो."

हृतिकच्या डोळ्यांत पाणी आलं. एका हातानं धड वाकताही येत नव्हतं. तरी तो वाकायला लागला.

"थांब." खांबामागून गोदू पुढं आली.

मंडपात कुजबुज झाली. बाई बैठकीत उतरली असं सहसा होत नसे. दाजी डोळे वटारून म्हणाला, "गोदे, जा घरी."

"जाईन. दादूभाऊ, रूल बीपीवाल्याचा हाय ना? मंग मोजा तेचा. हितंच मोजा, सगल्यांसमोर."

दाजीला हसू आलं. स्वतःच्या आजाराचा त्याला एवढा भरवसा होता की त्यानं लगेच बाही वर केली. "मोजा. बगा काय हाय ते."

मोनाली मशीन घेऊन आली. कानावर पट्टी होती. तिनं आधी दाजीच्या हाताजवळचा चहाचा कप उचलून लांब ठेवला. मग सगळ्या गावकीला म्हणाली, "पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. बोललं की आकडा चुकतो." आणि गंमत बघा, ज्या मंडपात माणसं एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ देत नसत, तिथं काल आलेल्या सुनेच्या शब्दावर सगळे मुके बसले. लांबच्या टॉवरवरच्या क्रेनचा आवाज तेवढा येत होता.

मशीन फुसफुसलं. मोनालीनं आकडा मोठ्यानं वाचला, "एकशे सव्वीस, ऐंशी. नॉर्मल."

"गोलीनं उतरलाय तो!" दाजी म्हणाला.

"व्हय, गोलीनंच," गोदू म्हणाली. "आनि रोजच उतरलेला हाय. खल्यावर गेलाव त्या दिवशी बी मोनालीनं सकाली मोजला व्हता, असाच व्हता. मारताव तवा काय रगत नाय चढत तुमच्या डोक्यात. हात चढतो फकस्त."

"राग आला की चढतो ग," दादू समजुतीनं म्हणाला. "त्या टायमाला चढतो."

"मना नाय येत राग? मोनाली, माजा मोज."

ती खाली बसली. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा मशीन फुसफुसलं. मोनालीनं आकडा वाचला, "एकशे ब्याऐंशी, एकशे चार."

दादू अर्धवट उठला. "काय? परत वाच. गोदू, तुला...? अगं, पडून रहा तू! पानी आना रे कुनीतरी!"

"बसा, दादूभाऊ. गोल्या चालू हायत माज्या. परवा तर याच्यापेक्षा जास्ती व्हता." गोदू उभी राहिली. "तुमच्या गावात सगल्यात मोठा बीपी माजा हाय. किती वर्सांचा हाय देव जाने. लगीन झाल्यापासून मी मार खाते. बांबूचा खाल्ला, पट्ट्याचा खाल्ला, पोटुशी असताना लाथ खाल्ली आनि पोर गेला तो बी गावाला ठावं हाय. मी कुनाचा हात मोडला? कुनाचा डोका फोडला? मना डिवचनारा रोज माज्या घरात झोपतो. सांगा ना, मी कुनाला मारला?"

खांबामागं एक बाई हुंदका दाबत होती.

"आता रूल परत सांगा, दादूभाऊ."

"कनचा?"

"बीपीच्या मानसाचा. सांगा तोंडानं."

दादूनं घसा खाकरला. सवयीनं म्हणाला, "बीपीच्या मानसाला डिवचायचा नाय. डिवचला आनि मार खाल्ला, तर दोष डिवचनाऱ्याचा."

गोदू वळली आणि तिनं दाजीच्या थोबाडीत मारली. पूर्ण ताकदीनं. भात झोडून, पाय दाबून घट्ट झालेला तो हात होता. दाजीची टोपी उडाली, डोकं खांबावर आपटलं, ओठ फुटला आणि रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. त्याला काय झालं ते कळायच्या आत तिनं दुसरी दिली.

दाजी उठला. जनावर उठावं तसा उठला, आणि त्यानं तिचा गळा धरला. चार माणसं त्याच्या अंगावर पडली. एकाच्या पोटात त्यानं गुडघा घातला, दुसऱ्याचा दात पाडला. भावेश "आये!" म्हणत आईवर धावून आला. तिला वाचवायला की मारायला, ते त्यालाही ठाऊक नसावं. हृतिकनं चांगल्या हाताच्या खांद्यानं त्याला धडक दिली आणि दोघं समईवर पडले. तेल सांडलं, बायका किंचाळल्या. बऱ्याच झटापटीनंतर दाजीला खांबाशी दाबून धरलं, तेव्हा गोदूच्या गळ्यावर त्याची बोटं लाल उमटली होती. तिला श्वास लागला होता, पण ती होती तिथंच उभी होती.

"सोडा मना! जीव घेतो हिचा!" दाजी ओरडत होता.

"का?" गोदूचा आवाज घोगरा निघाला. "माजा बीपी हाय. तुमी मना डिवचलाव. दादूभाऊ, दोष कुनाचा?"

दादू एकदा तिच्याकडं बघे, एकदा दाजीच्या रक्ताकडं. म्हातारा पुरता पेचात सापडला. कायदा राहिला तर दाजीनं भर गावकीत बायकोची माफी मागायला हवी. कायदा मोडला तर दाजीनं हृतिकचा हात उगीच मोडला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, "चुकला आमचा. मी भावाचा लकवा बगून भिलो व्हतो, आनि भीतीनं रूल केला. यो रूल मोडला. आजपासून जो मारंल दोष त्याचा, बीपी असो का नसो."

"मंग मी बी चुकले," गोदू म्हणाली. "मी बी मारला. माफी मागीन. पन माजा नंबर तेच्या मागं. आधी तेनी हृतिकची मागायची."

दाजी मागेना. शिव्या घालून झाल्या, छातीत कळ आल्याचं सोंग झालं. मोनालीनं सोंग बघून पुन्हा पट्टा काढला, तेव्हा तो गप्प झाला. मग नुसता बसून राहिला. ऊन मंडपात आलं. घरोघरी झोडणी तशीच पडली होती, तरी कुणी उठलं नाही. ज्याचा दात पडला होता तो तर दारातच मांडी घालून बसला. शेवटी दाजी जमिनीकडं बघत म्हणाला, "चुकला."

"कुनाला बोलताव?" दादूनं विचारलं.

"हृतिक... चुकला माजा."

हृतिक तोंड फिरवून रडायला लागला.

मग गोदू नवऱ्यासमोर आली, हात जोडले आणि सरळ म्हणाली, "मारायला नको व्हता. चुकले." तिला ते म्हणायला काहीच जड गेलं नाही. दाजीनं मान वर केली नाही. रक्ताचे थेंब सदऱ्यावर वाळत होते, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघून कुणी पाणी आणायला धावत नव्हतं.

माणसं सुटकेचा श्वास टाकून उठायला लागली. कुणी चपला शोधत होतं, कुणी भात वाळलं का म्हणत होतं. दादूनं खांब धरून उभं राहता राहता विचारलं, "झाला ना सगला?"

"नाही," मोनाली म्हणाली.

ती मशीन आवरत खाली बसली होती. ती उठली, कानावरची पट्टी सोडली, आणि टाके घातलेली पाळी सगळ्या गावकीला दिसेल अशी मान वळवली. समोर भावेश उभा होता, तेलानं माखलेला.

"आता ह्यांचा नंबर," ती म्हणाली.

भावेशनं आईकडं पाहिलं. गोदूनं पदर गळ्याशी घट्ट धरला, सुनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि मुलाच्या डोळ्यांत डोळे घालून वाट बघत राहिली. दारात गेलेली माणसं एकेक करून परत आली. दादू पुन्हा खाली बसला.